‘धुळेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: मेलबर्नला जाऊन भाजीबाजार कशाला?

धुळेकर भाऊ,

तुम्ही मोकळेपणाने खडसावलंत, म्हणून दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून न सुटता सविस्तर लिहितो. इतरांसाठी माझ्या मेलबर्नच्या लेखावरचं तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. काकांनी (म्हणजे मी) लेकीकडे मेलबर्नला जाऊन अख्खा दिवस ट्राममध्ये बसण्यात, लायब्ररीत आणि भाजीबाजारात केळी चिवडण्यात घालवला. तिकिटांना लाखांत पैसे मोजले, पण ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या प्रसिद्ध रस्त्यावर आणि पेंग्विनवर एक ओळ नाही. वर फुकट ट्रामचं कौतुक करून आपल्या लोकांचा फुकटेपणा तेवढा दाखवला. आणि शेवटी: ‘रावेर तालुक्यातल्या माणसाला तिकडेही केळीच बघायची असतील तर सावद्याच्या स्टेशनावर उभं राहिलं तरी भागतं.’ हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. हिने तुमचीच बाजू घेतली.

तर केळीपासूनच सुरू करतो.

सावद्याच्या स्टेशनावर मी आयुष्यभर उभा राहिलोय. दिल्लीकडे माल भरताना पाहिलाय, नवती, पिलबाग, वापसी असे मालागणिक वेगवेगळे भाव रोज ऐकलेत. म्हणूनच मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमध्ये केळीच्या ढिगापुढे पाय थांबले. हा बाजार १८७८ पासूनचा आहे. तिथे केळी किलोवर, चार-पाचाच्या तुकड्यांत. काही केळ्यांच्या टोकाला लाल मेण लावलेलं. मला वाटलं, लेकरांना आवडावं म्हणून असेल. विकणारा म्हणाला, कमी रसायनांवर वाढवलेल्या मालाची ती खूण आहे. माल बघितला तर आपल्या ग्रँड नैन वाणाच्याच कुळातला, कॅव्हेंडिश. पिकतो कुठे, तर उत्तर क्वीन्सलँडमध्ये, इनिसफेल आणि टली या पट्ट्यात. तिथून जवळपास तीन हजार किलोमीटर हिरवाच येतो आणि शहरात आल्यावर रायपनिंग चेंबरमध्ये पिकवतात. रावेरहून दिल्ली त्याच्या अर्ध्यातही नाही.

आता खरी गोष्ट. त्या देशात बाहेरचं ताजं केळ बाजारात येत नाही, रोग येतील या भीतीने. मग २००६ मध्ये लॅरी आणि २०११ मध्ये यासी या चक्रीवादळांनी तो पट्टा आडवा केला, तेव्हा केळी किलोला दहा डॉलरच्या वर गेली. लोकांनी केळी खाणं सोडलं, पण ज्याची बाग उभी राहिली त्याचं सोनं झालं. आपल्याकडे मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या बागा झोपतात, तेव्हा व्यापारी बऱ्हाणपूरकडे, सोलापूरकडे, आंध्राकडे वळतो आणि वाचलेल्या शेतकऱ्यालाही भाव मिळेलच असं नाही. कोणती रीत बरी? ग्राहकाला विचारलं तर आपली, शेतकऱ्याला विचारलं तर त्यांची. मी कोणत्या बाजूचा, ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट केळीच्या पनामा या बुरशीच्या रोगाची. त्याची टीआर४ ही जात २०१५ मध्ये टलीच्या एका बागेत सापडली, तेव्हा ती बाग बंद केली आणि पट्टाभर बूट, टायर, अवजारं धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्याच्या बागेत पाऊल टाकायचं नाही अशी शिस्त बसवली. कारण ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते आणि कॅव्हेंडिशचं प्रत्येक झाड दुसऱ्याची नक्कल असल्याने एकाला लागलं की सगळ्यांचा नंबर. हाच रोग बिहारमध्ये पोचलेला आहे. आणि आपण? सीएमव्ही या विषाणूने बागा उपटायची वेळ आली तरी एका बागेतल्या कापणीच्या विळ्याने दुसऱ्या बागेत कापतोच. हे सगळं नातवाच्या मोबाइलवर शोधत बाजाराच्या बाकावर बसलो होतो, हातात गरम जॅमचा डोनट. हिला वाटलं मी थकलो.

आता तुमचा मुख्य मुद्दा: एवढ्या लांब जाऊन बघितलं काय?

भाऊ, लेक नांदायला गेल्यावर बाप पहिल्यांदा तिच्या गावी जातो तेव्हा काय बघतो? विहिरीला पाणी किती, गोठ्यात जनावरं किती, शेजार कसा आहे. गावाबाहेरचं प्रसिद्ध देऊळ राहिलं तर राहिलं, पुढच्या खेपेला बघता येतं. मीही तेच बघायला गेलो होतो. ती कोणत्या स्टेशनावर उतरते, थंडीत ट्रामची वाट कुठे बघते, भाजी कुठून आणते, वांगी मिळतात का. (मिळतात, पण जांभळी जाडजूड. भरताला आपल्या हिरव्या वांग्याची सर नाही. ती डँडेनाँग या उपनगरातल्या भारतीय दुकानांत शोधावी लागतात आणि सापडली की तिच्या घरी सण.) फोनवर चार वर्षं ‘सगळं ठीक आहे’ ऐकतो आपण. ठीक म्हणजे काय, ते तिच्या रस्त्यावरून चालल्याशिवाय कळत नाही. शिवाय तिला रजा मिळते मोजून. त्या दिवशी ती कामावर होती, नातवाला एप्रिलची शाळेची सुट्टी होती, आणि अकरा वर्षांचा गाइड आम्हा दोघांना घेऊन निघाला. त्याने ठरवलेला दिवस होता तो. घाई नाही, यादी नाही.

फुकट ट्रामचं सांगतो. शहराच्या मधल्या भागात २०१५ पासून ट्रामला तिकीट नाही. त्यात ऑफिसचा साहेबही बसतो आणि कॉलेजची पोरंही, तो काही आपल्या लोकांसाठी उघडलेला सदावर्त नाही. त्या हद्दीबाहेर गेलात की मायकी हे प्रवासाचं कार्ड लागतं, उपनगरातून रेल्वेने यायलाही लागतं, आणि आम्ही ते रीतसर टेकवूनच आलो होतो. जुन्या बनावटीची ३५ नंबरची सिटी सर्कल ट्राम गावाभोवती चक्कर मारते आणि कोणती इमारत कोणती ते बोलून सांगते. तिथली ट्रामची जाळी सुमारे अडीचशे किलोमीटरची, जगात सगळ्यात मोठी. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. माझ्या वडिलांनी तिच्यात बसल्याचं आयुष्यभर सांगितलं, म्हणून मी दोन चकरा जास्त मारल्या. त्याला फुकटेपणा म्हणायचं तर म्हणा.

लायब्ररीबद्दल तुम्ही ‘पुस्तकं जळगावातही आहेत’ असं लिहिलंत. आहेत की. पण स्टेट लायब्ररीचा १९१३ चा घुमट आणि त्याखालची अष्टकोनी वाचनाची खोली मान मोडेपर्यंत बघावी अशी आहे, आणि आत जायला पैसे नाहीत (हेही फुकटच, लिहून ठेवा). मला जास्त आवडलं ते काचेतलं नेड केलीचं चिलखत. केली हा तिथला दरोडेखोर, बँका लुटणारा, पोलिसांना मारणारा, आणि तरी अर्ध्या देशाचा लाडका. चिलखत नांगराचं लोखंड ठोकून बनवलेलं. शेतकऱ्याच्या डोळ्याला ते लगेच कळतं. आणि गंमत बघा, ही लायब्ररी उभी करण्यात पुढे असलेला न्यायाधीश रेडमंड बॅरी, ज्याचा पुतळा दारातच आहे, त्यानेच केलीला फाशी सुनावली. ११ नोव्हेंबर १८८० ला केली फासावर गेला आणि पंधरा दिवसांच्या आत बॅरीही गेला. आता एक दारात उभा आहे आणि दुसऱ्याचं चिलखत आत.

नातवाने विचारलं, आपल्याकडे असं कोणी होतं का? मी खाज्या नाईकाचं सांगितलं: सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, १८५७ ला इंग्रजांवरच उलटला आणि त्यांचा खजिना लुटला. दोघांना एका मापाने मोजू नये हे मलाही कळतं. नाईकामागे भिल्लांची फौज उभी होती, केलीची चौघांची टोळी. पण पोराने घरी जाऊन आईला पहिली तीच गोष्ट सांगितली.

राहता राहिला ग्रेट ओशन रोड. गेलो होतो, जावई रजेच्या दिवशी घेऊन गेला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो बांधला. समुद्रातले ते ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ नावाचे सुळके, नावात ‘बारा’ असले तरी २००५ ला एक कोसळल्यापासून आठच उभे आहेत. किनाऱ्याने गेलात तर जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो, गुडघे दुखणाऱ्यांनी येताना आतल्या रस्त्याने यावं. फिलिप आयलंडचे पेंग्विन अंधार पडतानाच वर येतात आणि फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा मोबाइल गाडीत ठेवा. यावर लिहिणारे शेकडो आहेत, म्हणून मी लिहिलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी तुमचे आईवडील तुमच्या भावाकडे चाललेत. एप्रिल-मे निवडलात तर धुळ्याच्या उन्हातून थेट तिकडच्या पानगळीत उतरतील, स्वेटर हातातल्या पिशवीत हवा. घड्याळ आपल्या साडेचार तास पुढे असतं, फोनच्या वेळा आधीच ठरवा. आणि आईला सांगा, बिबड्या (ज्वारीचे पापड), कळण्याचं पीठ, पापड जे काही बांधाल ते विमानातल्या कार्डावर ‘हो’ अशी खूण करून दाखवायचं. फळं, बिया, घरचं दूध-तूप नकोच. लपवलं तर दंड मोठा. आमच्या बिबड्यांची पिशवी अधिकाऱ्याने उघडली, एक हातात धरून उजेडात बघितली आणि परत ठेवली.