चोखंदळरावांना उत्तर: विलायती नाताळ, बेचव ताट आणि मसाल्यांचा हिशेब

चोखंदळराव, नमस्कार.

विलायती नाताळच्या जेवणावरच्या माझ्या लेखापेक्षा त्याखालची तुमची प्रतिक्रियाच जास्त गाजलेली दिसतेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मसाल्यांपायी अर्धं जग लुटणाऱ्या लोकांना स्वतःच्या सणाला उकडलेला कोबी आणि कोरडी टर्की यापलीकडे काही सुचू नये, यासारखा विनोद नाही. त्यांची ‘परंपरा’ म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात कादंबरीकार डिकन्सने आणि दुकानदारांनी मिळून रचलेलं नाटक, आणि आमच्यासारखे परदेशातले मराठी लोक त्यावर भाळतात. शेवटी एक खोचक प्रश्न: शाकाहारी माणसाला त्या दिवशी कुणा इंग्रजाने घरी बोलावलं, तर त्याने काय खायचं, नुसतं पाणी?

भाळण्याचा आरोप राहू दे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बाकीच्यावर मात्र सविस्तर बोलायलाच हवं.

मसाल्यांचा तो विनोद दर डिसेंबरात व्हॉट्सॲपवर फिरतो. ऐकायला झकास आहे, पण त्यात काळाचा घोळ आहे. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० सालच्या शेवटच्या दिवशी. त्याच्या दोनशे वर्षं आधी, १३९० च्या सुमारास, दुसऱ्या रिचर्ड राजाच्या खानसाम्यांनी पाककृतींचा एक संग्रह केला. तो चाळला तर पानोपानी सुंठ, दालचिनी, लवंग, केशर. मांसाच्या रश्श्यात बदाम आणि मनुका, वर साखर आणि आंबटाला व्हिनेगर. तेव्हा हा माल व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडून महागामोलाने येई आणि श्रीमंताच्या ताटात मसाला सढळ हाताने पडे. इंग्रजांना मसाला कळतच नव्हता, हे काही खरं नाही.

मग तो गेला कुठे? सतराव्या शतकात व्यापार वाढला, मसाले स्वस्त झाले आणि फ्रेंच स्वयंपाकाचं वळण आलं. मांसाला मांसाचीच चव हवी, गोड ते शेवटी, तिखट-गोड-आंबट एका ताटलीत म्हणजे गावंढळपणा, अशी नवी समजूत रुजली. रोजच्या जेवणातून मसाला हटला. पण सणाच्या पदार्थांना हात लावायला माणूस कचरतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यामुळे मध्ययुगातली ती जुनी चव जिथे अडकून राहिली ती जागा म्हणजे नेमकं नाताळचं ताट. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा हाच होता, आणि तुम्ही नेमका त्यालाच बगल दिलीत.

मिन्स पाय घ्या. आज तो तळहातावर मावेल एवढा, मैद्याच्या पारीत मनुका आणि सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ असतो. जर्व्हेस मार्कम या इंग्रज लेखकाने १६१५ मध्ये त्याची कृती छापली, तिची सुरुवात मेंढ्याच्या तंगडीने होते. मांस उकडून बारीक कापायचं, त्यात चरबी, लवंग, जायपत्री, करंट म्हणजे बारीक काळ्या मनुका, मोठ्या मनुका, सुके आलुबुखार, खजूर, संत्र्याची साल. थोडक्यात, गोडसर खिमा. पुढे मांस हळूहळू कमी होत गेलं. १८६१ च्या मिसेस बीटनच्या पाककृतींच्या जाडजूड पुस्तकात गोमांस घातलेली कृती आहे आणि मांसाविनाही एक आहे. मांस गेलं, चरबी तेवढी मागे राहिली, आणि मसाला जागचा हलला नाही.

टर्कीबरोबरच्या ब्रेड सॉसचं तर कुणी नावही घेत नाही. आमच्या शेजारच्या बाई, वय सत्तरीपार, दरवर्षी करतात. अख्खा सोललेला कांदा घ्यायचा, त्यात सात-आठ लवंगा खिळ्यांसारख्या टोचायच्या, तो दुधात सोडायचा. सोबत तमालपत्र आणि जायपत्रीचं एक पान. मंद आचेवर दूध उकळू न देता तापवायचं, झाकून तासभर ठेवायचं, मग गाळून त्यात शिळ्या पावाचा चुरा आणि लोणी. पांढरं, घट्टसर, दिसायला अगदी आजाऱ्याची पेज. पण जिभेवर ठेवलं की आधी लवंग, मग जायपत्री. रस्सा पावाने दाट करायची ही पद्धतही मध्ययुगातलीच. ‘बेचव’ म्हणायच्या आधी एकदा खाऊन पाहा. आवडेलच असं नाही, माझ्या नवऱ्याला आजही आवडत नाही.

आता पुडिंग. त्यावर तुम्ही एका ओळीत ‘काळा गोळा’ म्हणून फुली मारलीत. हा काळा गोळा नाताळच्या महिनाभर आधी होतो. ॲडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, त्याच्या आधीचा रविवार हा पुडिंग ढवळण्याचा रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये जी प्रार्थना म्हणतात, तिची सुरुवातच ‘ढवळून काढ’ अशा शब्दांनी होते, म्हणून हा मुहूर्त. घरातल्या प्रत्येकाने एकदा पळी फिरवायची आणि मनात इच्छा धरायची. पावाचा चुरा, थोडा मैदा, काळपट साखर, तऱ्हेतऱ्हेच्या मनुका, साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल, अंडी, जायफळ, दालचिनी, लवंग, थोडी काळी बिअर किंवा ब्रँडी, आणि सुएट.

सुएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. तीच का, लोणी का नाही, याला कारण आहे. लोणी लवकर वितळतं. सुएट वितळायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे भोवतीचं मिश्रण आधी धरू लागतं आणि चरबी मागाहून वितळते. तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि एवढा जड ऐवज असूनही पुडिंगचा दगड होत नाही. सगळं चिनीमातीच्या वाडग्यात भरून वर बटर पेपर आणि फॉइल. कागदाला मधोमध एक चुणी घालायची, कारण पुडिंग फुगतं आणि त्याला जागा लागते. दोऱ्याने करकचून बांधून सहा-आठ तास वाफवायचं, मग थंड जागी ठेवून द्यायचं. लोणच्यासारखं ते मुरतं. नाताळच्या दिवशी पुन्हा वाफवून, गरम ब्रँडी ओतून काडी लावतात. निळी ज्योत क्षणभर दिसते आणि विझते. फोटो काढायला मोबाइल शोधेपर्यंत संपलेलं असतं.

गंमत अशी, की मसाल्यांच्या लुटीचा तुमचा मुद्दा इथे खरंच लागू पडला असता, आणि तुम्ही तो सोडून दिलात. पुरावा मीच देते. साम्राज्यातला माल खपवण्यासाठी १९२६ मध्ये इंग्लंडात ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ नावाचं सरकारी मंडळ निघालं. पुढच्याच वर्षी राजा पाचवा जॉर्ज याच्या मुदपाकखान्यातल्या सेदार नावाच्या फ्रेंच आचाऱ्याची पुडिंगची कृती ‘साम्राज्याचं पुडिंग’ म्हणून वाजतगाजत छापली गेली. प्रत्येक जिनसापुढे तो कुठून घ्यायचा हे लिहिलेलं: करंट ऑस्ट्रेलियाचे, लवंग झांझिबारची, दालचिनी हिंदुस्थानची किंवा सिलोनची, रम जमैकाची. खरं तर इंग्रजी पुडिंगात करंट पिढ्यानपिढ्या ग्रीसचे पडत होते. ग्रीस काही साम्राज्यात नव्हता, म्हणून त्याला खड्यासारखं बाजूला काढलं. जाहिरातदारांनी परंपरा कशी वाकवली याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि गृहिणींच्या वाडग्यात साम्राज्याचा नकाशा ढवळायला लावणाऱ्यांचं कौतुक मी तरी करणार नाही.

पण यावरून सगळी परंपराच दुकानदारांनी रचली, हे मात्र ओढूनताणून आणलेलं आहे. १६४७ मध्ये प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट मंडळींच्या पार्लमेंटने नाताळ रद्द केला. त्या वर्षी नाताळच्या दिवशी कँटरबरीच्या महापौराने दुकानं उघडी ठेवायचा हुकूम सोडला आणि गावात दंगल पेटली. ज्या सणावर बंदी घालावी लागते आणि ज्याच्यासाठी लोक दगड उचलतात, तो सण दोनशे वर्षांनंतरच्या दुकानदारांनी कसा काय जन्माला घातला? (प्युरिटनांचा पुढारी क्रॉमवेल याने मिन्स पायवर कायद्याने बंदी घातली ही कथाही तुमच्याच व्हॉट्सॲपवरची. तसा स्वतंत्र कायदा झालेला नाही.)

व्हिक्टोरियन काय आहे तेही सांगते, म्हणजे पक्षपात नको. जेवणाच्या ताटाशेजारी फटकन फुटणारे कागदी क्रॅकर लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याने १८४० च्या दशकात काढले. तो शंभर टक्के दुकानदारी माल. ‘ख्रिसमस पुडिंग’ या नावाने कृती छापली एलायझा ॲक्टन या पाककृती-लेखिकेने, १८४५ मध्ये. त्याआधी तसलंच पुडिंग वर्षभर कुठल्याही मेजवानीला होई. आणि डिकन्सच्या १८४३ च्या गोष्टीतलं गरीब कुटुंब टर्की खात नाही, हंस खातं. टर्की येते ती श्रीमंत म्हाताऱ्याची भेट म्हणून. हा पक्षी अमेरिकेतून सोळाव्या शतकातच इंग्लंडात पोचला होता. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या विल्यम स्ट्रिकलंडला १५५० मध्ये मिळालेल्या कुलचिन्हावर चक्क टर्की आहे. पण घरोघरी टर्की हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतरचा. रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं. युद्धात बदाम मिळेनात तेव्हा बायका सोयाच्या पिठात बदामाचा अर्क घालून खोटं मार्झिपान (एरवी बदाम-साखरेचं) करत. सणाला साधेल ते करायचं, ही धडपड कुठल्या दुकानदाराने शिकवली नव्हती.

टर्की कोरडी असते हे मात्र मान्य. मोठा पक्षी, छातीचं मांस आधी शिजतं, तंगडी मागे राहते, आणि तंगडीसाठी थांबलं की छातीचा भुसा. म्हणून तर ग्रेव्हीचं भांडं ताटाताटांवरून सतत फिरत असतं. ब्रसेल्स स्प्राउट्स म्हणजे चिमुकल्या कोबीच्या गड्ड्यांबद्दलही मागच्या पिढीने पाप केलंय, लगदा होईपर्यंत उकडून. पण १९९० च्या दशकात हॉलंडमधल्या संशोधकांनी त्यातला कडवटपणा कशामुळे येतो ते शोधलं, आणि त्यानंतर कमी कडू वाण बाजारात आले. आता ते बेकन आणि चेस्टनटबरोबर तव्यावर परततात. तुम्ही ज्यांना शिव्या देताय ते कोबीचे गड्डे बहुधा १९८० सालचे आहेत.

आणि ज्याच्यासाठी मी स्वतः त्या जेवणाला बसते ते भाजलेले बटाटे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाहीत! बटाटे आठ-दहा मिनिटं उकडायचे, पाणी काढून झाकणासकट भांडं गदागदा हलवायचं, म्हणजे कडा भुसभुशीत होतात. मग आधीच ओव्हनमध्ये कडकडीत तापवलेल्या हंसाच्या चरबीत सोडायचे. ओतताना आवाज आला नाही तर चरबी पुरेशी तापलेली नाही. बाहेर कुरकुरीत कवच, आत लोणी.

उरलेल्या टर्कीचं दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, काय होतं ते ऐकून तुम्हाला बरं वाटेल: अनेक घरांत करी. आणि थंड मांसासोबत पिकलिली, म्हणजे हळद आणि मोहरीतलं पिवळंधमक लोणचं, जे हॅना ग्लास या लेखिकेने अठराव्या शतकात ‘इंडिया पिकल’ म्हणूनच छापलं.

शिवाय ‘ब्रिटिश’ म्हणून सरसकट झोडपताना एवढं ध्यानात असू द्या, की स्कॉटलंडात नाताळची सरकारी सुट्टीच १९५८ मध्ये सुरू झाली. त्यांचा खरा सण वर्षअखेरीचा. यॉर्कशरमध्ये फळांच्या केकबरोबर वेन्सलीडेल चीज खातात. गोड केक आणि आंबूस चीज ऐकून मीही नाक मुरडलं होतं, आता ते नसेल तर केक अपुरा वाटतो. आपल्या गोव्यातल्या कुस्वाराशी, म्हणजे तिथल्या नाताळच्या फराळाशी, तुम्ही केलेली तुलना मला पटत नाही. नेवऱ्या, दोदोल, बेबिंकांचा गोतावळा पोर्तुगीज आणि कोकणी. त्याची स्पर्धा यॉर्कशरशी लावणं म्हणजे खोखोच्या संघाला बुद्धिबळाला बसवणं.

राहता राहिला शाकाहारी पाहुणा. पाणी प्यायची वेळ येणार नाही. बहुतेक यजमान हल्ली आधीच विचारतात आणि नट रोस्ट करतात: काजू-अक्रोड, मशरूम, पावाचा चुरा यांचा भाजलेला वडीसारखा तुकडा. बरा लागतो, मिरी जास्त मागून घ्या. पुडिंग आणि मिन्स पायसाठी वनस्पती तेलाचं सुएट मिळतं, दुकानातल्या पुष्कळ मिन्स पायमध्ये तेच असतं, पण पाकिटामागे बघाच. पुडिंगात अंडं आणि दारू मात्र असते. ट्रायफल या थरांच्या गोड पदार्थातल्या जेलीत बहुधा जिलेटिन, स्टफिंगमध्ये सॉसेजचं मांस, यॉर्कशर पुडिंग (हे गोड नाही, मैदा-अंड्याचं फुगीर) गोमांसाच्या चरबीत भाजलेलं असू शकतं. ग्रेव्ही तर विचारूच नका. स्प्राउट्समध्ये बेकन नको हे यजमानांना दोन दिवस आधी कळवा, आयत्या वेळी नाही, कारण घरात ओव्हन एकच असतो आणि त्याचं वेळापत्रक रेल्वेपेक्षा कडक. आणि बटाटे कशात भाजलेत हे पहिला घास घेण्याआधी विचारा, नंतर नको. उत्तर ‘हंस’ असलं तर तोवर उशीर झालेला असतो.