'उन्हाळ्यात भारतात न्या, तिथे पेशंटला हात लावू देतात': एका फिरत्या संदेशाला उत्तर

मार्च लागला की अमेरिकेतल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरू लागतो. 'मूल प्री-मेड आहे? मग उन्हाळ्याची एकही सुट्टी फुकट घालवू नका' अशी त्याची सुरुवात. (प्री-मेड म्हणजे पदवीनंतर मेडिकलला जायच्या तयारीने कॉलेजात शिकणारं मूल.) पुढे सल्ले येतात. मुलाला भारतात न्या, नात्यातल्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात ठेवा, तिथे पेशंटला हात लावू देतात. ५०० तास शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांच्या मागे उभं राहून बघणं, भरवा. पैसे भरून का होईना, मोठ्या विद्यापीठाच्या नावाचा समर प्रोग्रॅम करा. एक तरी रिसर्च पेपर पदरात पाडा, त्याशिवाय प्रवेश नाही. स्वतःची संस्था काढा. आणि दुकानात, स्विमिंग पूलवर असल्या साध्या नोकऱ्या मुळीच करू देऊ नका.

आमच्या न्यू जर्सीतल्या ओळखीच्या घरांमधल्या मुलांचे मेडिकलचे अर्ज मी वाचून देते. यातला एखादा सल्ला तंतोतंत पाळलेली मुलं समोर येऊन बसतात, तेव्हा त्यांच्या हातात तासांचे आकडे असतात आणि सांगायला काही नसतं. पहिला सल्ला तर उघड उघड चुकीचा आहे, आणि त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं. म्हणून त्याच्यावर जास्त लिहिते.

'भारतात पेशंटला हात लावू देतात.' खरं आहे, देतात. तालुक्याच्या गावातलं छोटं हॉस्पिटल, डॉक्टरमामांना भाचीचं कौतुक. ते तिला ग्लोव्ह्ज चढवायला सांगतात आणि 'घे, एक टाका तू घाल' म्हणतात. टेबलावर झोपलेल्या बाईला यातलं कुणी काही विचारलेलं नसतं. अमेरिकेहून आलेली कुणी डॉक्टरीणच असेल, असं ती धरून चालते. विचारलं असतं तरी मोठ्या डॉक्टरांसमोर ती 'नको' कशी म्हणणार? या मुलीला न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एखाद्या हॉस्पिटलात टाक्यांच्या ट्रेजवळही कुणी फिरकू देणार नाही. मग गावाकडे ते चालतं ते कशाच्या जोरावर? पेशंट गरीब आहे आणि तक्रार करणार नाही, एवढ्याच जोरावर. आपल्या मुलांचा हात बसावा म्हणून आपल्याच गावच्या माणसांची कातडी वापरायची, हे मला कुठल्याही कारणाने मान्य होणार नाही.

कायदाही स्पष्ट आहे. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाने वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एमबीबीएसची मुलं शिकता शिकता हात लावतात, कारण ती एका अभ्यासक्रमात असतात आणि त्यांच्या डोक्यावर जबाबदार माणूस असतो. सुट्टीवर आलेलं मूल यात कुठेच बसत नाही.

आणि ज्या अर्जासाठी हा खटाटोप, त्यालाच याने धक्का लागतो. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना म्हणजे एएएमसी. परदेशात जाऊन रुग्णसेवेत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तिने २०११ सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ज्या कामाचं प्रशिक्षण नाही ते परदेशात गेल्यावरही करायचं नाही, हे त्यातलं सूत्र. निवड समितीवर डॉक्टर बसलेले असतात. 'मी विसाव्या वर्षी टाके घातले' हे वाक्य त्यांना धाडसाचं वाटत नाही. आपल्याला काय येत नाही हे या मुलाला कळत नाही, एवढंच त्यांना त्यातून कळतं.

यावर एक प्रश्न नेहमी येतो: खेड्यात डॉक्टरच नसतात, तिथे चार हात लागले तर काय बिघडलं? याचं उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच कमी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देण्यापर्यंतचं काम त्या करू लागल्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. त्यांच्याकडेही डिग्री नव्हती, हे खरं. पण त्यांना नेमून दिलेली कामं पद्धतशीर शिकवली होती, त्यांच्यावर देखरेख होती, प्रत्येक बाळाची नोंद होत होती, आणि बाळाचं काही बरंवाईट झालं तर त्यांना त्याच गावात, त्याच आईसमोर राहायचं होतं. ऑगस्टमध्ये विमानाने परतणाऱ्या मुलाजवळ यातलं काय असतं?

भारतात जाऊच नये, असं मी म्हणत नाही. जरूर जा. ओपीडीत मागच्या स्टुलावर बसा, पण पेशंटला आधी सांगा की हा विद्यार्थी आहे, तुमची हरकत नसेल तरच बसेल. पेशंटबरोबर कोण आलंय, किती लांबून आलंय, औषधं लिहून दिल्यावर ती चिठ्ठी आधी कुणाच्या हातात जाते, पैसे किती होतील हे विचारायला कोण लाजतं, हे बघा. आशाताईंबरोबर एक दिवस फिरा. जामखेडला डॉ. आरोळे दांपत्याने १९७० साली सुरू केलेलं काम समजून घ्या: गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर स्त्रिया आरोग्याचं काम कसं उभं करतात ते तिथे दिसतं. मराठी समजणाऱ्या मुलाला तिथे जे ऐकू येईल, ते दुभाष्याच्या आधाराने फिरणाऱ्याला येणार नाही. हे सगळं हात न लावता होतं. फक्त एक ध्यानात ठेवा: ज्या व्यवस्थेत पुढे काम करायचं तीही या मुलाने जवळून बघितलेली असावी, अशी अमेरिकेतल्या कॉलेजांची अपेक्षा असते. भारतातल्या अनुभवाने ती गरज भागत नाही.

आता ते ५०० तास. शॅडोइंग म्हणजे नुसतं बघणं. ते लागतं, कारण रोजचं काम न बघता हा व्यवसाय निवडणं धोक्याचं. पण सगळ्या कॉलेजांना लागू असा तासांचा कुठलाही राष्ट्रीय आकडा नाही. दोन-तीन वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर, त्यातले एक प्राथमिक सेवेतले, असे मिळून ४०-५० तास बरेच सल्लागार पुरेसे मानतात. त्यापुढे तुम्ही बघतच राहता, कुणाच्या उपयोगी पडत नाही. हा वेळ पेशंटजवळ प्रत्यक्ष काम करण्यात जायला हवा. सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण केंद्रीय नियमाप्रमाणे किमान ७५ तासांचं असतं, काही राज्यांत जास्त. मे महिन्यात ते सुरू केलं तर उरलेल्या सुट्टीत नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात, पगारी काम मिळू शकतं. आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं. काम जड आहे आणि अनेक घरांत त्याला कमी लेखतात. पण आजारी माणसाच्या शरीराची आपल्याला किळस येते की माया वाटते, हे तिथे पहिल्या आठवड्यात कळतं, आणि ते विसाव्या वर्षी कळलेलं बरं.

पैसे भरून केलेल्या मोठ्या नावाच्या प्रोग्रॅमबद्दल थोडक्यात. विद्यापीठाची जागा भाड्याने घेऊन किंवा त्याच्या नावाची छाया घेऊन चालणारे अनेक उद्योग आहेत. हजारो डॉलर द्या, भाषणं ऐका, प्रमाणपत्र घ्या. तुमच्या पालकांनी फी भरली, याखेरीज त्यातून काही सिद्ध होत नाही. ज्यांना मुलांचं काम खरोखर हवं असतं ते मुलांनाच पैसे देतात. एनएसएफ या संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचे आरईयू कार्यक्रम घ्या: उन्हाळ्यात साधारण १० आठवडे प्रयोगशाळेत काम, आणि वर मानधन.

रिसर्च पेपरची भीती मात्र जरा सविस्तर काढायला हवी, कारण त्यापायी मुलं फार त्रास करून घेतात. एमडी-पीएचडीला, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन अशा जोडपदवीला, जायचं असेल तर संशोधनाचा मोठा आणि सलग अनुभव लागतोच; तिथे त्यावर वेगळे निबंध लिहावे लागतात. साध्या एमडीसाठी, म्हणजे इथल्या नुसत्या डॉक्टरकीच्या पदवीसाठी, छापील पेपर ही अट नाही. आणि एका उन्हाळ्यात पेपर होईल कसा? माणसांवरच्या अभ्यासाला नैतिक समितीची मंजुरी लागते, त्यातच आठवडे जातात. मग माहिती गोळा करणं, विश्लेषण, लेखन, परीक्षकांचे शेरे, पुन्हा दुरुस्ती. दोन महिन्यांत छापून देतो म्हणणारी आणि पैसे मागणारी जर्नलं निघाली आहेत. तिथे नाव छापून आणलं तर मुलाखतीत त्याचा बचाव करता येत नाही. मुलाखतीत साधे प्रश्न येतात: प्रश्न काय होता, तू नेमकं काय केलंस, काय फसलं? सेल कल्चर तीनदा बुरशीने गेलं आणि कारण शोधून काढलं, हे ज्याला नीट सांगता येतं, त्याचं काम छापून न येताही दिसतं.

'स्वतःची संस्था काढा' या सल्ल्याने माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो. वेबसाइट होते, लोगो होतो, भावंडं आणि मित्र संचालक होतात, आणि मूल मेडिकलला गेलं की सगळं बंद. ज्यांच्या नावाने संस्था काढली त्या म्हाताऱ्यांना, मुलांना पुन्हा कुणी विचारत नाही. त्याच गावात आधीपासून चालू असलेल्या जागांना माणसं हवी असतात. हॉस्पिसचं, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या सेवेचं, उदाहरण घ्या. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा नियमच आहे की हॉस्पिसने आपल्या रुग्णसेवेच्या तासांपैकी किमान ५ टक्क्यांइतकं काम स्वयंसेवकांकडून करून घ्यायचं. म्हणजे तिथे तुमची खरी गरज आहे, कुणी उपकार म्हणून जागा देत नाही. काम काय? मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाजवळ बसायचं, वाचून दाखवायचं, त्याच्या मुलीला दोन तास बाहेर जाऊन यायला मोकळीक द्यायची. आपल्या भागात आता मराठी, गुजराती आजी-आजोबाही हॉस्पिसमध्ये येऊ लागले आहेत. शेवटच्या दिवसांत इंग्रजी मागे पडतं. अशा वेळी मराठीत दोन शब्द बोलणारं कुणी शेजारी असणं किती मोठं, हे मी वेगळं सांगायला नको. फक्त उपचारांचं भाषांतर या मुलांनी करू नये. ते प्रशिक्षित दुभाष्याचं काम, आणि शब्द चुकला तर भोगायचं पेशंटला.

हे जूनमध्ये ठरवून जमत नाही. प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी, टीबीची चाचणी, लसींचे कागद यात आठवडे जातात. फोन फेब्रुवारी-मार्चमध्येच करायचा, आणि पालकांनी नव्हे, मुलाने.

या संदेशात उन्हाळ्यांचं गणितही कुठे मांडलेलं नाही. २०२६च्या ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू करणारं मूल न थांबता मेडिकलला गेलं, तर त्याचा अर्ज २०२९च्या मे-जूनमध्ये जातो. म्हणजे हाताशी पूर्ण उन्हाळे दोनच: २०२७ आणि २०२८. त्यातला एक अनेकांचा एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात जातो. तिसऱ्या उन्हाळ्यात, मुख्य अर्जानंतर कॉलेजं वेगळे मागतात ते सेकंडरी निबंध लिहिण्यातच दम निघतो. एवढ्या वेळात भारतवारी, प्रोग्रॅम, पेपर आणि संस्था कोंबायची? अ‍ॅमकास या बहुतेक एमडी कॉलेजांच्या सामायिक अर्जात अनुभवांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात, प्रत्येकीला ७०० अक्षरं. त्यातल्या तीनच सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडता येतात आणि त्यांच्यासाठी आणखी १३२५ अक्षरं मिळतात. पंधराही भरल्याच पाहिजेत असं नाही. त्या तीन नोंदी बहुधा अशा कामाच्या असतात, जे सुट्टीत सुरू झालं आणि सप्टेंबरनंतरही दर शनिवारी चालू राहिलं. आणि घाई वाटत असेल तर हेही बघा की आज निम्म्याहून जास्त मुलं पदवीनंतर एखादं वर्ष किंवा त्याहून जास्त थांबून मेडिकलला जातात.

शेवटचा मुद्दा साध्या नोकऱ्यांचा. अ‍ॅमकासच्या नोंदींत वैद्यकीय नसलेल्या पगारी कामाचा स्वतंत्र प्रकारच आहे, म्हणजे समितीला ते वाचायचं असतं. किराणा दुकानाच्या काउंटरवर चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, उशिरा आलेल्या सहकाऱ्याचं काम कसं सांभाळायचं, हे शिकलेलं मूल वॉर्डात लवकर रुळतं. घराला त्या पगाराची गरज असेल तर ते अर्जात सरळ लिहावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

एका गटाला यातले बरेच सल्ले लागू होत नाहीत, आणि संदेशात त्यांचं नावही नाही: एच-४ व्हिसावरची, म्हणजे आई-वडिलांच्या एच-१बी या कामाच्या व्हिसामुळे इथे असलेली, आपली मुलं. त्यांना पगारी काम करता येत नाही. आरईयूसारखे कार्यक्रम नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरते असतात. वयाच्या २१व्या वर्षी व्हिसाच बदलावा लागतो, आणि बरीच मेडिकल कॉलेजं ग्रीनकार्ड नसलेल्यांचे अर्ज घेतच नाहीत. अशा मुलाला 'तू मागे पडतोयस' म्हणू नका. हॉस्पिस, हॉस्पिटल किंवा फ्री क्लिनिकमधली खरीखुरी स्वयंसेवा त्याला करता येते. जिथे इतरांना पगार मिळतो ते काम मात्र फुकटात केलं तरी अडचणीत आणू शकतं, म्हणून आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या. आणि अर्ज कुठे घेतले जातात ती यादी पहिल्याच वर्षी त्याच्याबरोबर बसून काढा, तिसऱ्या वर्षी नको.