तीस अँपियरचा संसार

ओहायोतल्या ज्या गृहस्थांकडून आम्ही हे जुने मोटरहोम विकत घेतले, त्यांनी घर आणि गाडी अशी दोन्ही सुखे एकाच किल्लीत मिळतील असे सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. इंजिनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ड्रायव्हरच्या पाठीमागे दाटीवाटीने बसवलेल्या संसाराबद्दल, ज्यातली एकही वस्तू दुसरीला विचारल्याशिवाय काम करत नाही.

विजेचेच पाहा. कॅम्पग्राउंडवरच्या खांबातून आम्हाला १२० व्होल्टची ३० अँपियर वीज मिळते, म्हणजे सगळी मिळून ३,६०० वॅट. छतावरचा एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली ही प्रत्येकी साधारण दीड हजार वॅट खाणारी मंडळी असल्यामुळे त्यांतली कोणतीही दोन सुखाने नांदतात आणि तिसरे सुरू केले की ब्रेकर पडतो. यंदा सांगलीहून आलेले माझे बाबा, ज्यांनी भारनियमनाची वेळापत्रके तोंडपाठ केलेली आहेत, या व्यवस्थेत इतके रमले की त्यांनी ब्रेकरच्या पेटीसमोरची जागा कायमची धरली आणि आम्ही त्यांच्याकडे अर्ज करू लागलो. "आधी भाजी गरम होऊ दे, मग किटली लाव," असा हुकूम ते सुनेला देत, आणि एरवी असा हुकूम कोणाचाही न ऐकणारी सून तो निमूट पाळत असे.

फ्रीजने मात्र बाबांनाही निरुत्तर केले. तो प्रोपेनच्या ज्योतीवर चालतो, म्हणजे मागे जाळ आणि पुढे बर्फ, हे त्यांना पटेना. बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती काढली. जाळाने अमोनिया पाण्यातून सुटतो, फिरता फिरता थंडावा देतो आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. त्यात कॉम्प्रेसर नसल्यामुळे द्रवांना केवळ उताराचा आधार असतो, आणि गाडी तिरकी उभी ठेवून फ्रीज बराच काळ चालवला तर तो कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून मुक्कामावर पोचल्याबरोबर, भूक कितीही लागलेली असो, चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे सरकवण्याचा कार्यक्रम होतो. माझ्याकडे चांगली पाणसळ आहे, परंतु बायकोचा तिच्यावर विश्वास नाही. ती तव्यावर चमचाभर तेल टाकते आणि ते ज्या बाजूला धावेल त्या बाजूचे चाक उचलायला सांगते. (ती आजवर चुकलेली नाही, हे पाणसळीच्या गैरहजेरीत कबूल करतो.) त्याच तेलात मोहरी तडतडायच्या आत छताचा झरोका उघडून पंखा लावला नाही, तर धुराची घंटा साऱ्या कॅम्पग्राउंडला आमच्या आमटीची वार्ता देते.

जेवणाचे टेबल खाली दाबून त्याचा पलंग होतो, त्यामुळे त्यावर झोपलेला माणूस उठेपर्यंत कोणालाही नाश्ता मिळत नाही. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही, कारण तो माणूस मीच असतो.

खरी परीक्षा सांडपाण्याची. गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात: बेसिन आणि न्हाणीच्या पाण्याची ग्रे आणि संडासाची ब्लॅक. ब्लॅक टाकीची झडप पुरेसे भरेपर्यंत बंदच ठेवायची असते, कारण ती उघडी राहिली तर पाणी तेवढे निघून जाते आणि उरलेला ऐवज दिवाळीतल्या किल्ल्यासारखा आत उभा राहतो. टाकी भरत आली की हातमोजे घालून डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या जागी, आधी ब्लॅक सोडायची आणि नंतर ग्रे, म्हणजे साबणाचे पाणी नळी धुऊन काढते. टाकी किती भरली हे सांगायला भिंतीवर दिव्यांचे एक पॅनेल आहे. परंतु आतल्या सेन्सरना कागद चिकटून बसत असल्यामुळे नुकतीच रिकामी केलेली टाकीही ते दोन तृतीयांश भरलेली दाखवते आणि आपल्या मतापासून तसूभरही ढळत नाही. अखेर बाबांनी वहीत प्रत्येकाच्या नावापुढे रेघा ओढायला सुरुवात केली, आणि एका सकाळी माझ्या रेघा मोजून, सर्वांसमक्ष, माझ्या पोटाची आस्थेने चौकशी केली.

आंघोळीच्या बाबतीत त्यांनी आम्हा सर्वांना धडा दिला. हीटरमध्ये एका वेळी ६ गॅलन, म्हणजे जेमतेम २३ लिटर पाणी तापते, आणि शॉवरखाली डोक्याला साबण लागेपर्यंत ते थंड पडलेले असते. बाबांनी बादली आणि तांब्या आणवला, अर्ध्या बादलीत यथासांग आंघोळ उरकली आणि राहिलेल्या पाण्यात पंचाही पिळून काढला.

ऑक्टोबरात, बाबा परतायच्या आधी, गाडीला थंडीसाठी तयार करायचे होते. नळांत पाणी राहिले तर ते गोठून नळ्या फोडते, म्हणून सगळे पाणी काढून, हीटरला वळसा घालणारी झडप फिरवून, पंपाने गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारे द्रावण, ओढून घ्यायचे आणि प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत थांबायचे. बाबांनी नळामागून नळ तपासला, शॉवरचा राहिलेला गरम नळ मला दाखवून दिला, आणि रिकाम्या झालेल्या कॅनकडे पाहत विचारले, "या गाडीला थंडीपुरते सांगलीला पाठवता येत नाही का?"