दंगेखोर मुलाला शाळा दाखला देऊन काढू शकते? खुलासा

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘२०१९ ला कायदा बदलला. मस्ती करणाऱ्या मुलाचा दाखला शाळा आता थेट हातात देऊ शकते.’ हे खरं नाही.

२०१९ ची दुरुस्ती नापास करण्याबद्दल आहे. पाचवी-आठवीच्या फेरपरीक्षेतही मूल नापास झालं आणि सरकारने मुभा दिली असेल, तर त्याला त्याच वर्गात बसवता येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या त्याच कलम १६ मध्ये पुढे स्पष्ट लिहिलंय की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही. कलम १७ ने मारायला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. (२०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अल्पसंख्याक शाळांना मात्र हा कायदा लागू नाही.)

खरी मेख सहीत असते: शाळा स्वतः काढू शकत नाही, म्हणून दाखल्याचा अर्ज पालकांच्याच सहीने घेतला जातो. माझा मुलगा तिसरीत असताना ऑफिसात बोलावून छापील अर्ज पुढे सरकवला गेला: ‘वैयक्तिक कारणास्तव दाखला मिळावा.’ पेनाचं टोपणही काढून ठेवलेलं. हात थरथरत होता, पण सही केली नाही. तक्रारी तारीख आणि तासासह लेखी मागितल्या. तीन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या, तर जवळजवळ सगळे दंगे मधल्या सुट्टीनंतरच्या तासाचे! बाईंनी त्याला त्या तासाला पुढच्या बाकावर घेतलं, वह्या वाटायचं काम दिलं. खोड्या संपल्या नाहीत, पण ऑफिसातून फोन येणं थांबलं.

तो मेसेज तुमच्याकडे आला असेल, तर कृपया पुढे पाठवू नका.