डोनेशन दिलं की कर्नल? कॅनडातल्या किल्टवाल्या पलटणींबद्दलच्या फॉरवर्डला उत्तर

टोरंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसॉगाकडच्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: कॅनडाच्या रिझर्व्ह म्हणजे पार्टटाइम आर्मीतल्या, किल्ट (चौकड्यांचा घागरा) घालणाऱ्या स्कॉटिश रेजिमेंट म्हणजे श्रीमंतांचा क्लब, डोनेशन दिलं की कर्नल करतात, मग तो कर्नल पलटण चालवतो आणि सरकारचा पगार खातो, खरा सीओ (कमांडिंग ऑफिसर, पलटणीचा प्रमुख) बिचारा नावापुरता, त्याच्याही वर इंग्लंडचा राजा हुकूम सोडणार, आरएसएम (रेजिमेंटल सार्जंट मेजर) म्हणजे परेडला ओरडणारा माणूस, लढाई ह्यांनी कधी बघितलेली नाही, आणि अंगात स्कॉटिश रक्त नसेल तर दारातही उभं करत नाहीत. खाली नेहमीप्रमाणे "जास्तीत जास्त शेअर करा".

शेअर केलंय लोकांनी भरपूर, वाचलंय किती जणांनी कोण जाणे. एकेक बघूया, कारण ह्यात एखाददुसरा खरा कण आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातंय.

पहिलं, पैसे दिले की कर्नल. खरा कण इथेच आहे. जुन्या ब्रिटिश फौजेत पायदळ-घोडदळातली ऑफिसरकी खरोखर विकत मिळायची, दर ठरलेले असायचे, आणि ते बंद झालं १८७१ साली. कॅनडातही मिलिशियाच्या म्हणजे जुन्या पार्टटाइम फौजेच्या काळात पैसेवाल्या घराण्यांनी पलटणींवर भरपूर खर्च केलाय. पण पैसे देणाऱ्याला कमांड मिळायची का? १९१४ च्या ऑगस्टमधली गोष्ट घ्या. मॉन्ट्रियलचा हॅमिल्टन गॉल्ट, तिथल्या ब्लॅक वॉच ह्या स्कॉटिश पलटणीचा म्हणजे तेव्हाच्या फिफ्थ रॉयल हायलँडर्सचा ऑफिसर, बोअर युद्ध बघून आलेला, घरचा गडगंज. त्याने एक नवी पलटण उभी करायला स्वतःच्या खिशातून १,००,००० डॉलर देऊ केले, १९१४ चे डॉलर बरं का. ती पलटण म्हणजे प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनेडियन लाइट इन्फंट्री (ही स्कॉटिश नव्हे, आणि आज तर ती रेग्युलर आर्मीत आहे, पण मुद्दा पैशाचा आहे). एवढे पैसे देऊन गॉल्ट पलटणीचा प्रमुख झाला का, तर नाही. कमांड दिली फ्रान्सिस फार्कर ह्या अनुभवी रेग्युलर ऑफिसरला आणि गॉल्ट त्याच्या हाताखाली मेजर म्हणून गेला. पुढे १९१६ मध्ये सँक्चुअरी वुडच्या लढाईत त्याचा एक पाय गेला. म्हणजे पैसे त्याचे आणि पायही त्याचाच.

आज जे "कर्नल" लोकांना दिसतात, फोटोत मेडलं कमी आणि हसू जास्त, ते बहुतेक वेळा ऑनररी कर्नल किंवा ऑनररी लेफ्टनंट कर्नल असतात. त्यांची नेमणूक अशी होते की पलटण नाव सुचवते, ते वर वर चढत जातं आणि शेवटी संरक्षणमंत्र्यांची मंजुरी लागते. मुदत साधारण ३ वर्षांची, वाढवता येते. पगार नाही, त्यामुळे पेन्शनचा प्रश्नच येत नाही, उलट कार्यक्रम, प्रवास, पोरांसाठी काहीबाही, ह्यात खिशातूनच जातं. हॅमिल्टनच्या आर्गिल अँड सदरलँड हायलँडर्सचे ऑनररी कर्नल राहिलेले रॉन फॉक्सक्रॉफ्ट बघा. आत मणी नसलेली ती फॉक्स ४० शिट्टी, आपल्याकडेही कोचच्या गळ्यात असते, ती ह्याच माणसाची, स्वतः बास्केटबॉलचे रेफ्री होते. उद्योजक आहेत, श्रीमंत आहेत, सगळं खरं. आता ह्या पदांवर उद्योजक, वकील, माजी राजकारणी ह्यांचीच वर्दळ जास्त असते आणि एखादी नर्स किंवा बस ड्रायव्हर क्वचितच दिसतो, हे मलाही खटकतं, त्यावर टीका करायची तर जरूर करा. पण ते "विकत घेतलेलं पद" नव्हे आणि सरकारी पगाराचं तर अजिबातच नव्हे.

दुसरा मुद्दा, हा ऑनररी कर्नलच पलटण चालवतो. इथे मेसेज पूर्ण आडवा पडतो. गणपती मंडळाच्या अहवालात पहिल्या पानावर सूट घातलेले "सल्लागार", "मार्गदर्शक", "आधारस्तंभ" असतात, पण रात्री २ वाजता मांडवाची परवानगी, लाऊडस्पीकरवरून पोलिसांचा फोन आणि विसर्जनाचा ट्रक हे सगळं बघतो तो कार्याध्यक्ष. ऑनररी कर्नल त्या पहिल्या पानावरचा. त्याला कमांड शून्य, म्हणजे तो एका शिपायालाही ड्यूटी लावू शकत नाही, कोणाला शिक्षा देऊ शकत नाही, कोणाला प्रमोशन देऊ शकत नाही. पलटण सीओची. सीओ लेफ्टनंट कर्नल असतो, आणि ऑनररी कर्नलच्या खांद्यावर त्याच्यापेक्षा एक पिप (चांदणी) जास्त दिसतो म्हणून लोकांचा गोंधळ होतो. पण सीओचा वरिष्ठ म्हणजे ब्रिगेड कमांडर. टोरंटो भागातल्या फॉर्टी-एट्थ हायलँडर्स, टोरंटो स्कॉटिश, लॉर्न स्कॉट्स ह्या तिन्ही ३२ कॅनेडियन ब्रिगेड ग्रुपमध्ये येतात, त्याचा कमांडर खराखुरा कर्नल, त्याच्यावर डिव्हिजन, त्याच्यावर आर्मी. ऑनररी कर्नल ह्या साखळीत कुठेच नाही. शेजारी उभा आहे इतकंच.

मग तो करतो काय? सल्ला देतो, आणि हे वाटतं तितकं किरकोळ नाही. रिझर्व्हचा सीओ दिवसा दुसरीच नोकरी करतो, कोणी शिक्षक, कोणी पोलीस, कोणी बँकेत, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ, महिन्यातला एखादा वीकेंड, शिवाय घरी बसून रोजचे ईमेल, असं करून तो पलटण चालवतो. त्याला कोणीतरी असा माणूस लागतो जो त्याच्या रिपोर्टवर सही करत नाही आणि ज्याला त्याच्याकडून प्रमोशनही नकोय. पोरगा कोर्सला जाणार, कंपनी सुट्टी देत नाहीये, तर त्या मालकाशी बोलायला ऑनररी कर्नल बरा. पाइप बँडचा (बॅगपाइप वाजवणाऱ्यांचा) दौरा, म्युझियम, जुन्या सैनिकांच्या विधवा, शहराचा महापौर, हे सगळं त्याच्या वाट्याचं. शिवाय बऱ्याच पलटणींत रेजिमेंटल सेनेट नावाची मंडळी असते, जुने सीओ, जुने आरएसएम वगैरे, तीही सल्ल्यापुरती. पुढचा सीओ कोण, पुढचा ऑनररी कोण, ह्यावर त्यांचं मत विचारतात आणि हो, कधीकधी नको इतकं विचारतात, जुन्या लोकांची लुडबुड हा रिझर्व्हमधला सनातन तक्रारीचा विषय आहे. पण मत विचारणं वेगळं, हुकूम देणं वेगळं.

सल्ला आणि आधार ह्याची गरज कधी पडते तेही सांगतो. २२ ऑक्टोबर २०१४ ला ओटावात राष्ट्रीय युद्धस्मारकावर पहाऱ्याला उभा असलेला कॉर्पोरल नेथन सिरिलो गोळ्या घालून मारला गेला. तो आर्गिलचाच, हॅमिल्टनचा रिझर्विस्ट, २४ वर्षांचा, किल्ट घालून, मानाच्या पहाऱ्यावर होता. सहा दिवसांत हॅमिल्टनमध्ये अंत्यसंस्कार, पंतप्रधान हजर, देशभरचे कॅमेरे, आणि हे सगळं एका पार्टटाइम पलटणीवर येऊन पडलेलं. अशा वेळी पलटणीला शहरात ओळखीपाळखी असलेली, कुटुंबाजवळ बसू शकणारी माणसं लागतात. हुकूम सीओचेच.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर धोनी आहेच. २०११ मध्ये त्याला टेरिटोरियल आर्मीत ऑनररी लेफ्टनंट कर्नल केलं, २०१९ मध्ये १०६ टीए बटालियनबरोबर काश्मीरमध्ये दोन आठवडे राहिला, पहारा दिला. बटालियनचा सीओ दुसराच होता आणि तोच राहिला. ह्यावर कोणी "धोनी पलटण चालवतो" असा फॉरवर्ड काढला नाही.

तिसरं, राजाचे हुकूम. हे पटकन उरकतो. कर्नल-इन-चीफ हे पद असतं आणि ते बहुतेक राजघराण्याकडे जातं, लॉर्न स्कॉट्सचे ड्यूक ऑफ केंट, आणि आत्ताचे राजे चार्ल्स प्रिन्स ऑफ वेल्स असताना ब्लॅक वॉच ऑफ कॅनडा आणि टोरंटो स्कॉटिशचे. काम काय, तर कधीमधी भेट, शताब्दीला पत्र, एखादी परेड. कॅनडाच्या फौजेला हुकूम ओटावातून येतात, लंडनहून नाही.

चौथं, आरएसएम म्हणजे ओरडणारा. हे वाचून मला खरं तर सगळ्यात जास्त राग आला. रेजिमेंटल सार्जंट मेजर हा चीफ वॉरंट ऑफिसर, शिपाई म्हणून भरती होऊन वीस-पंचवीस वर्षं घासून वर आलेला. कागदावर बघाल तर कालच कमिशन मिळालेला सेकंड लेफ्टनंटही त्याचा वरिष्ठ, आणि प्रत्यक्षात तो सेकंड लेफ्टनंट आरएसएम समोरून आला की स्वतःची टोपी नीट करतो. सीओचा खरा सल्लागार हाच. शिस्त, ड्रेस, ड्रिल हे झालंच, पण कुठल्या कॉर्पोरलला सार्जंट करायचं, कोणाच्या घरी काय चाललंय, अफगाणिस्तानहून आलेला कुठला पोरगा रात्री झोपत नाहीये, कुठला सार्जंट नव्या पोरांना उगाच छळतोय, ही बातमी सीओच्या टेबलावर येते ती आरएसएमकडून, दार बंद करून. आपल्याकडच्या सुभेदार मेजर साहेबांचं पलटणीत जे वजन असतं ते आठवा, नियम आणि रँक वेगळे आहेत पण वजन त्याच जातीचं. चांगला सीओ आणि कच्चा आरएसएम असेल तर पलटण लंगडते, उलट असेल तर कशीबशी चालते, असं मी तरी बघितलंय. ऑनररी कर्नलशिवाय पलटण काही वर्षं आरामात निघेल, आरएसएमशिवाय एक महिना काढून दाखवा.

ह्या दोघांबरोबर अजून काही माणसं असतात जी फोटोत येत नाहीत. डेप्युटी कमांडिंग ऑफिसर, सगळं कागदपत्र ओढणारा ॲडजुटंट, पाद्री, पाइप मेजर, आणि रेग्युलर आर्मीतून पाठवलेले दोन-चार फुलटाइम लोक, जे सोमवार ते शुक्रवार आर्मरी म्हणजे पलटणीची इमारत उघडी ठेवतात. मेसेज लिहिणाऱ्याला ह्यातलं कोणी माहीतच नसावं.

पाचवं, लढाई बघितलेली नाही. बरं. २५ जुलै १९४४, नॉर्मंडी, वेरिएर्स रिज. मॉन्ट्रियलच्या ब्लॅक वॉचचा सीओ लेफ्टनंट कर्नल कँटली हल्ला सुरू व्हायच्या आधीच मारला गेला, सगळ्यात सीनियर कंपनी कमांडर जखमी झाला, आणि पलटण आली मेजर फिलिप ग्रिफिन ह्या विशीतल्या माणसाच्या हातात. सुमारे सव्वातीनशे जण गव्हाच्या शेतातून त्या चढावर गेले आणि परत आले जेमतेम पंधरा, बाकी मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, ग्रिफिन तिथेच पडला. तो हल्ला करायलाच नको होता का ह्यावर आजही वाद होतात, पण हुकूम कोणी दिला, पुढे कोण चाललं, कोणी किंमत मोजली, ह्यात कुठलाही ऑनररी कर्नल नव्हता. त्याआधी १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्समधल्या दिएपवरच्या हल्ल्यात एसेक्स स्कॉटिश पलटणीचे साडेपाचशेच्या आसपास जण उतरले आणि इंग्लंडला परत पोचले पन्नासएक.

आणि "बिझनेसवाले काय लढणार" ह्याला पहिल्या महायुद्धातला सायरस पेक पुरे. ब्रिटिश कोलंबियातला व्यावसायिक, १९१७ मध्ये खासदार म्हणून निवडून आलेला, आणि तरी फ्रान्समध्ये सिक्स्टीन्थ बटालियनचा म्हणजे कॅनेडियन स्कॉटिशचा सीओ. २ सप्टेंबर १९१८ ला स्वतः गोळीबारात पुढे जाऊन पाहणी करून आला, रणगाडे जागेवर आणले, व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. बरोबर पायपर घेऊन हल्ल्याला जायचा हा माणूस.

आपल्या माहितीसाठी अजून एक. व्हँकुव्हरच्या सीफोर्थ हायलँडर्सच्या स्मोकी स्मिथला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीत साव्हियो नदीवर, ऑक्टोबर १९४४ मध्ये. त्याच मुलखात, त्याच आठव्या आर्मीत, एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर पाचव्या मराठ्यांच्या नामदेव जाधवांना मिळाला. दोघंही साधे शिपाई.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर ९ जुलै २००६ ला कंदाहारकडे मारला गेलेला कॉर्पोरल अँथनी बोनेका थंडर बेच्या लेक सुपीरियर स्कॉटिश रेजिमेंटचा होता, रिझर्विस्ट. किल्ट परेडला असतो. कामाला बाकी आर्मीचाच कॅमोफ्लाज.

शेवटचं, स्कॉटिश रक्त. कुठल्याही फॉर्मवर असा कॉलम नाही. पलटणीचं नाव, टार्टन (चौकड्यांचं कापड), पाइप हे सगळं स्कॉटिश, माणसं त्या शहरात राहतात ती. लॉर्न स्कॉट्सचं घर ब्रॅम्प्टनला आहे, आता ब्रॅम्प्टनला कोण राहतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पगडी चालते. हरजित सज्जन, व्हँकुव्हर पोलिसांत डिटेक्टिव्ह, बॉस्नियाला एकदा आणि अफगाणिस्तानला तीनदा जाऊन आलेले, २०११ मध्ये ब्रिटिश कोलंबिया रेजिमेंटचे सीओ झाले, कॅनडाच्या रिझर्व्ह रेजिमेंटची कमांड मिळालेले पहिले शीख, आणि २०१५ मध्ये थेट संरक्षणमंत्री. ती रेजिमेंट स्कॉटिश नाही हे खरं, पण भरतीचे नियम सगळ्यांना तेच.

नागरिकत्व अजून नसलं तरी नोव्हेंबर २०२२ पासून पर्मनंट रेसिडेंटना अर्ज करता येतो. सिक्युरिटी क्लिअरन्सला वेळ लागतो, भारतात काढलेल्या वर्षांचे पत्ते आणि कागद मागतात, ते आधी गोळा करून ठेवा. फिटनेस टेस्ट आहे, मेडिकल आहे, इंटरव्ह्यू आहे. आणि ऑनररी कर्नलची ओळख काढून फोन लावायचा विचार असेल तर राहू द्या, तो फार तर चहा पाजेल आणि रिक्रूटरचा नंबर देईल.