'डिस्कव्हरी'ला उतरण म्हणू नका

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने 'डिस्कव्हरी' या दुसऱ्या अल्बममध्ये हाउस संगीत (क्लबमधलं, सलग ठेक्याचं नृत्यसंगीत) सोडून सोप्या पॉपची वाट धरली, हे तुमच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. 1997च्या 'होमवर्क' या पहिल्या अल्बमचा खरखरीत, एकाच ठेक्यावर चढत जाणारा आवाज मलाही प्रिय आहे. पण तेच पुन्हा केलं असतं, तर 2001मध्ये 'डिस्कव्हरी' कशाला हवा होता?

त्यातलं 'डिजिटल लव्ह' हे गाणं हेडफोन लावून ऐका. जॉर्ज ड्यूकच्या 1979च्या गाण्यातला छोटासा तुकडा (सॅम्पल) घेतलाय, पण त्यावर नवी चाल, नवे शब्द आणि शेवटाकडे तो गिटारसारखा वाजणारा लांबलचक सोलो! बांगाल्टेर आणि ओमेम-क्रिस्तो, म्हणजे डाफ्ट पंकमधले दोघे, लहानपणी जे ऐकत वाढले, ते सगळं, डिस्को, रॉक, सिंथ (सिंथेसायझर), त्यांनी न लाजता इथे ओतलंय. सॅम्पल उचलणं सोपं असतं, त्याचं स्वतःचं गाणं करणं अवघड.

आणि अल्बमच्या 'वन मोअर टाइम' या गाण्यातल्या ऑटोट्यूनबद्दल, म्हणजे गायकाचे सूर यंत्राने बदलण्याबद्दल. ते गाणाऱ्या रोमँथनीचा आवाज त्यांनी झाकला नाही, यंत्राला गायला लावलं. मधे ठेका थांबतो, नुसता तो आवाज आणि सिंथ उरतात, तेव्हा माझ्या अंगावर आजही काटा येतो. नाचायच्या गाण्यात इतका वेळ ठेका काढून घ्यायला धाडस लागतं.

लेखात रोमँथनीचं नावसुद्धा नाही, याचं वाईट वाटलं. तो 2013मध्ये गेला. या अल्बमचं पहिलं आणि शेवटचं, दोन्ही गाणी त्याच्याच आवाजात आहेत. कृपया तेवढी भर घाला.