पुढेही पंचेचाळीस, मागेही पंचेचाळीस

भाऊसाहेबांनी आपल्या ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचणाऱ्या, गाडीला मागे रुंद चाके बसवण्याचे ठरवले आहे, हे कट्ट्यावर सर्वांना आधीच ठाऊक होते. त्यामुळे त्यांनी मोबाइलवरची रिमची छायाचित्रे पुन्हा एकदा फिरवली, तेव्हा कोणी मान वर करण्याचेही कष्ट घेतले नाहीत. पुढे आहेत ती २२५/४५ आर १७ राहतील आणि मागे २५५/४५ आर १७ येतील, अशी घोषणा त्यांनी मुलाचे नाव ठेवल्याच्या थाटात केली.

ज्यांचे निम्मे आयुष्य गाड्यांखाली झोपून गेले आहे, त्या अण्णांनी फक्त विचारले, “दोन्हीकडे पंचेचाळीसच?”

“अर्थात! पुढेही पंचेचाळीस, मागेही पंचेचाळीस, म्हणजे उंची सारखीच राहते. हे लहान मूलसुद्धा सांगेल.”

“म्हणूनच लहान मुलांना गाडी चालवू देत नाहीत,” अण्णा म्हणाले.

२२५ आणि २५५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, १७ हा रिमचा इंचांतला व्यास, पण पंचेचाळीस हा आकडा मिलिमीटरचा नसून रुंदीच्या टक्केवारीचा असतो, हे मास्तरांनी शांतपणे समजावले. (मलाही ते फार उशिरा कळले होते, पण तशी कबुली मी कट्ट्यावर कधीही दिलेली नाही.) २२५ चे पंचेचाळीस टक्के म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटरची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची, आणि २५५ चे पंचेचाळीस टक्के म्हणजे जवळजवळ ११५, ही भिंत रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा मोजायची, तेव्हा पुढच्या चाकाचा व्यास ६३४ मिलिमीटर आणि मागच्याचा ६६१ भरतो. मास्तरांनी परीघही काढला. एका किलोमीटरला पुढचे चाक सुमारे ५०२ वेळा फिरेल आणि मागचे ४८१ वेळा.

“म्हणजे शंभर किलोमीटरमागे दोन हजार फेऱ्यांची उधारी झाली,” अण्णा म्हणाले, “आणि ती फेडणार कोण?”

येथे आमच्यातल्या सर्वांत धाकट्याने भाऊसाहेबांची बाजू उचलली. वळणावर पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा लांबचा मार्ग कापावा लागतोच आणि तो फरक सामावून घेण्यासाठीच तर मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरांचा जोड, दिलेला असतो, हा त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. अण्णांनीही तो मान्य केला.

“पण बाळा, वळण संपते. यांची गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा अखंड वळतच राहील.”

यात सर्व गाड्या एका मापाने मोजता येत नाहीत, हे मात्र खरे आहे. मध्ये साधा डिफरन्शियल असेल, तर तो बराच काळ मुकाट्याने सोसतो. व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट तेलातून ताकद पोचवणारा जोड, असेल, तर त्यातले सिलिकॉनचे तेल सततच्या घुसळणीने तापते आणि कपलिंग नको तेव्हा आवळू लागते. क्लचच्या चकत्या असतील, तर त्या घासतात आणि जळतात. भाऊसाहेबांच्या गाडीत यांपैकी नेमके काय आहे, असे विचारल्यावर त्यांनी “उत्तम दर्जाचे आहे” असे उत्तर दिले.

मग त्यांनी हुकमाचे पान टाकले. बीएमडब्ल्यूच्या एक्स५ ला कारखान्यातूनच मागे रुंद टायर येतात, तर मग आम्हीच तेवढे अडाणी का, असा त्यांचा सवाल होता. मास्तरांनी तोही हिशेब केला. त्या गाडीच्या आधीच्या पिढ्यांना २० इंची रिमवर पुढे २७५/४० आणि मागे ३१५/३५ अशी जोडी येत असे. पहिल्याची भिंत ११० मिलिमीटर आणि दुसऱ्याची ११०.२५, म्हणजे व्यासात फरक अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा.

“त्यांनी रुंदी वाढवताना टक्केवारी उतरवली; तुम्ही नुसती छाती फुगवली,” अण्णा म्हणाले. मागे २५५/४० घेतले, तर व्यास ६३६ होईल आणि फरक दीड मिलिमीटरवर येईल, हा तोडगाही त्यांनीच सुचवला.

“पण मग चाक मोठे कुठे दिसेल?” भाऊसाहेबांच्या तोंडून अखेर मनातले बाहेर पडले.

तो तोडगाही निर्धास्त नाही, असे माझे मत आहे. चारही टायर सारखे झिजावेत म्हणून मागचे पुढे आणि पुढचे मागे करतात. रुंदी वेगळी केली की ती सोय संपते आणि आज जुळवलेला व्यास काही हजार किलोमीटरांत आपोआप बिघडू लागतो. सुबारूसारखी कंपनी चार टायरांच्या परिघात पाव इंचाहून अधिक फरक नको म्हणते; नक्षीच्या खोलीत मोजले, तर तो जेमतेम एक मिलिमीटर होतो. शिवाय केवळ मागची पकड वाढवली, तर आधीच नाक जड असलेली गाडी वळणावर आणखी बाहेर ओढली जाते, पण हे सांगेपर्यंत भाऊसाहेब पुन्हा छायाचित्रांकडे वळले होते.

“रिमचे राहू द्या,” अण्णा म्हणाले, “पण स्टेपनी कोणत्या मापाची ठेवणार? पुढच्या की मागच्या?”

भाऊसाहेब प्रथमच निरुत्तर झाले. त्यांनी माझी स्टेपनी दोन दिवसांसाठी म्हणून नेली, तिला येत्या महिन्यात तीन वर्षे पूर्ण होतील आणि कट्ट्यावरचा प्रत्येक जण हे जाणतो.

“तुम्ही आता दुसरीही तयार ठेवा,” मास्तर माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, “आणि या वेळी टक्केवारी तपासून द्या.”

त्यानंतर उसळलेल्या हशात भाऊसाहेबही सामील झाले. फक्त माझ्याकडे पाहणे त्यांनी कटाक्षाने टाळले.